हातच्याचा दिवा

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा विषय निघाला की माझ्या मस्तकात अजून तिडीक जाते. घरातले म्हणतात, इतकी वर्षं लोटली, सर वारले, ती इमारत पाडून नवी झाली, आता कशाला उगाळत बसतेस? मी उगाळते. ज्यांचं काही गेलं नाही त्यांनीच विसरायचे सल्ले द्यावेत, हे मला कधी पटलेलं नाही. शिवाय मी म्हातारी झाले म्हणून माझा रागही म्हातारा झाला पाहिजे असा काही नियम नाही.

त्या वर्षी विद्यापीठानं पदार्थविज्ञानाच्या मुलांसाठी एक नवा पेपर काढला होता, गणकयंत्राची रचना. काढणाऱ्यांनी काढला आणि आमच्या सोलापुरात पाठवून दिला, पण तो शिकवायला लागणारं काही पाठवलं नाही. कॉलेजात गणकयंत्र नव्हतं, शहरात कुठे असलंच तर आम्हाला माहीत नव्हतं. ग्रंथालयात या विषयाचं एकुलतं एक पुस्तक होतं आणि ते वर्षभर विभागप्रमुखांच्या घरी होतं. या विभागप्रमुखांना मुलं किल्लीसर म्हणत, कारण प्रयोगशाळेतल्या सगळ्या कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या कमरेला असे आणि ते वर्गात फिरत तेव्हा तो वाजत राही. त्यांनी एकदा मुंबईच्या कुठल्याशा शिबिरात खरं गणकयंत्र पाहिलं होतं, तेही काचेपलीकडून. खोली थंडगार होती, आत जाणाऱ्यांना चपला बाहेर काढाव्या लागत, हे ते आम्हाला पुन्हा पुन्हा सांगत, आणि सांगताना त्यांचा आवाज गाभाऱ्यात गेल्यासारखा बारीक होई. त्या शिबिरातून त्यांनी बाकी काय आणलं ते मला कळलं नाही, चपला काढायची गोष्ट मात्र जपून आणली होती.

तास म्हणजे नुसतं उतरवणं. सरांनी पुस्तकातून उतरवून आणायचं, ते इंग्रजीतून वाचायचं, आणि आम्ही वहीत उतरवून घ्यायचं. रजिस्टर, अ‍ॅक्युम्युलेटर, मेमरी अ‍ॅड्रेस, फुलस्टॉप, नेक्स्ट पॅरा. मी वर्गातली एकटी मुलगी, म्हणून पहिल्या बाकावर एकटी. माझ्या मागे बिराप्पा बसायचा, मंद्रूपचा, धनगराच्या घरातला. पहिल्या एसटीनं यायचा. इंग्रजी कानावर पडून हातात उतरेपर्यंत त्याचं अर्धं वाक्य राहून जाई. मग तो मागून हळूच विचारी, "अ‍ॅक्युम्युलेटरच्या फुडं काय म्हनले वो?" मुलीनं मुलाशी बोलायचं नाही असा तेव्हाचा दंडक, पण वही तिरकी धरायला कुणाची हरकत नव्हती. मी वही तिरकी धरत असे. एकदा मी उभी राहून विचारलं, "सर, हा अ‍ॅक्युम्युलेटर असतो कसा? करतो काय?" सरांनी कागदावरून मान वर केली नाही. "परीक्षेला येत नाही. लिहा."

मला मात्र ते कळून घ्यायचं होतं, आणि कळून घ्यायची जागा म्हणजे घर. आमचं दुकान शेंगदाण्याचं आणि शेंगाचटणीचं. पुढे दुकान, मागे घर, मधल्या खोलीत दाण्यांची पोती, आणि त्या पोत्यांच्या बेचक्यात माझा अभ्यास. दोन्ही बाजूंच्या घरांत माग चालत, त्यांची खटखट भिंतीतून येई. ती थांबली की उलट मला दचकायला होई. गिरणीचा भोंगा झाला की तेलुगूत गप्पा मारत माणसं गल्लीतून जात. अव्वा, म्हणजे माझी आई, उखळापाशी बसलेली असे. भाजलेले दाणे, लसूण, तिखट, मीठ, आणि मुसळाचा एकसारखा ठोका, दाण्यांना तेल सुटेपर्यंत. चुलीच्या कडेला कडक व्हायला उभ्या केलेल्या भाकऱ्या. मी तिखटाच्या खाटानं शिंकत शिंकत वहीतली इंग्रजी वाक्यं फोडत असे, आणि ती काही केल्या फुटत नसत.

शेवटी एका दुपारी मी खडू घेतला आणि फडताळातल्या सगळ्या डब्यांवर नंबर घातले, गणकयंत्रात असतात तसे, नुसत्या शून्य आणि एकाचे. अव्वा तुरीची डाळ काढायला उठली आणि तिथंच थबकली. "एनु इदु?" घरात आम्ही कानडी आणि मराठी मिसळूनच बोलत असू, आणि अव्वा चकित झाली की कानडी आधी यायची. "हे काय गं, नंदा? तुरीच्या डब्यावर शून्य एक शून्य एक? डबा भरलेला हाय की माझा!"

मी तिला समजावलं. ही मेमरी. प्रत्येक डब्याला नंबर. यंत्र नंबर बघतं, डबा काढतं, परातीत ओततं, परातीत काय करायचं ते करतं आणि झालेलं पुन्हा एका डब्यात भरून ठेवतं. ती परात म्हणजे अ‍ॅक्युम्युलेटर. हे बोलता बोलता माझं मलाच कळत गेलं.

"आन कुठला डबा काढायचा ते त्याला कोण सांगतं?"

"तेही डब्यातच असतं, अव्वा. काही डब्यांत जिन्नस, काही डब्यांत चिठ्ठ्या. आता तूर काढ, आता पाणी घाल."

अव्वा डबा काखेत धरून विचार करत राहिली. मग म्हणाली, "आन चुकून चिठ्ठीच शिजवली तर गं?"

मी खूप हसले. नंतर पोत्याला टेकून बसले आणि हसू थांबलं, कारण याचं उत्तर मला येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी तासाला विचारलं, "सर, हुकूम आणि आकडा दोन्ही शून्य-एकातच लिहिलेले असतात, तर यंत्र त्यांच्यात फरक कसा करतं?" "बाई, तुमच्या डोक्यात नसते प्रश्न फार," किल्लीसर म्हणाले. वर्ग हसला, बिराप्पा सोडून. पुढे मला कळलं की या नसत्या प्रश्नावर जाणत्या लोकांनी प्रकरणंच्या प्रकरणं लिहिली आहेत. सरांच्या घरी पडून असलेल्या त्या पुस्तकातही ते होतं, पण तोवर फार उशीर झाला होता.

मला हे सगळं नीट यायलाच हवं होतं, त्याला कारण अप्पा, माझे वडील. माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न मॅट्रिकलाच झालं होतं. मी हट्टानं कॉलेजात गेले, तेव्हा अप्पांनी दुकानाच्या गादीवर बसून शांतपणे सांगून टाकलं होतं, "फर्स्ट क्लास आन, मी सोता एम.एस्सी.ला नेऊन सोडतो. न्हाय आला, तर अक्कलकोटच्या पाव्हण्यांना व्हय म्हनतो. मग रडायचं न्हाय." अप्पा बोलले की बोलले. मला सौदा मंजूर होता. लेखी पेपरांची मला धास्ती नव्हती. प्रॅक्टिकलचे गुण मात्र सरांच्या आणि बाहेरून येणाऱ्या परीक्षकांच्या हातात होते.

प्रॅक्टिकलसाठी आमच्याकडे एकच पॅनेल आलं होतं. लाकडी पेटी, वर काळा पत्रा, त्यावर तीन बटणं आणि दोन लाल दिवे. बटणं म्हणजे मिळवायचे आकडे, एक दिवा बेरजेचा, दुसरा हातच्याचा. गणकयंत्र बेरीज कसं करतं ते दाखवणारी एवढीच वस्तू आमच्या आख्ख्या अभ्यासक्रमात होती. एक आणि एक दाबलं की बेरजेचा दिवा विझायचा आणि हातच्याचा लागायचा, कारण तिथं दोनचा आकडाच नसतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. पण पाहायचं ते लांबून. पॅनेल कपाटात कुलपाखाली असे. प्रॅक्टिकलला सर ते टेबलावर ठेवत, स्वतः बटणं दाबत, आम्ही हात मागे घेऊन कोंडाळं करून उभे राहत असू आणि दिवे बघून तक्ता लिहून घेत असू. "डेड स्टॉकच्या वहीत चढलेलं सामान आहे. कुणी हात लावायचा नाही." मी एकदा बोट पुढे नेलं, तर जुडगा असा खणखणला की मी ते परत घेतलं.

आणि मग खंडेनवमी आली. सोलापुरात त्या दिवशी तराजूपासून मागापर्यंत ज्याच्यावर पोट चालतं त्या सगळ्याची पूजा होते, आमच्या दुकानातही होते, त्यात वावगं काही नाही. प्रयोगशाळेत सरांनी पॅनेल चौरंगावर मांडलं, आणि मला निरोप आला: पूजेला ये, मुलगी तू एकटीच आहेस. तोवर ज्याला बोट लावू दिलं नाही, त्याला हळदकुंकू लावायला मात्र मी चालत होते! मी हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला, ओवाळलं. सरांनी नारळ फोडला आणि त्यातलं पाणी पॅनेलवर शिंपडायला लागले. "सर, बटणांच्या फटीतून आत जाईल," मी म्हणाले. "चार थेंबांनी काय होतंय?" सर म्हणाले, आणि उरलेलं पाणीही त्यांनी भक्तिभावानं ओतलं. मुलांना खोबरं मिळालं. पॅनेल तसंच पुसून कपाटात गेलं आणि कुलूप लागलं. (पुढे लग्नानंतर कितीतरी वर्षांनी मी चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात बंद पडलेली पॅनेलं दुरुस्त करत होते. तिथं दर खंडेनवमीला मी सकाळीच दारात उभी राहायची. फुलं चालतील, पाणी चालणार नाही. लोक मला नास्तिक म्हणत. म्हणू देत.)

दिवाळीच्या सुटीनंतर पॅनेल बाहेर निघालं तेव्हा हातच्याचा दिवा मेलेला होता. बेरजेचा लागायचा, विझायचा, सगळं ठीक. हातच्याचा काही केल्या लागेना. एक आणि एक दाबलं की दोन्ही दिवे काळे. म्हणजे एक अधिक एक शून्य. सरांनी दोनदा दाबून पाहिलं आणि म्हणाले, "तक्ता तुम्हाला माहीत आहे, तो लिहा." सगळ्यांनी लिहिला. तास संपल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं. माझ्याकडे न बघता, कपाटाकडे बघत विचारलं, "त्या दिवशी पूजेला हात तूच लावलास ना? तुझी काही... अडचण वगैरे नव्हती ना?"

मला समजायला एक क्षण लागला. मग कानशिलं तापली. मी "नाही सर" म्हणाले आणि बाहेर आले, आणि घरापर्यंतचा रस्ता कसा संपला ते आठवत नाही. अव्वाला सांगितलं तेव्हा तिच्या हातातलं मुसळ थांबलं. "अडचन? आमच्यात इटाळ न्हाय, सूतक न्हाय. गळ्यात लिंग हाय, ते काय महिन्याच्या महिन्याला काढून ठेवते व्हय मी? त्याला म्हनावं, नारळ तू फोडलास, पानी तू वतलंस, आन दोष माझ्या पोरीला?" अप्पा जोडे घालून कॉलेजात निघालेच होते. मीच त्यांना आडवी झाले. प्रॅक्टिकलचे गुण कुणाच्या हातात आहेत ते मला माहीत होतं, अप्पांना नव्हतं.

बिघाड काय असेल ते मी घरी कागदावर काढलं. बेरजेचा दिवा बरोबर चालतो, म्हणजे बटणं ठीक, वीज ठीक. हातचा तयार करणाऱ्या शेवटच्या आयसीच्या पायाशी काहीतरी अडलंय. आयसी म्हणजे किड्यासारखी दिसणारी काळी चौकोनी वडी, दोन्ही अंगांना पाय असलेली. नारळाचं पाणी तिथं वाळलं असणार. मी सरांना म्हणाले, एकदा उघडू द्या, तुमच्यासमोर उघडते. सर म्हणाले, "उघडून आणखी बिघडवायचं आहे का?" बाहेर दुरुस्तीला पाठवायचं तर नारळाचं सांगावं लागलं असतं. म्हणून मुलांसमोर ते माझ्यामुळे बिघडलेलं होतं आणि कॉलेजच्या दप्तरी ते उत्तम चालत होतं. दर प्रॅक्टिकलला दिवा काळा राहायचा आणि दर वहीत हातचा एक लिहिला जायचा, खाली सरांची सही.

परीक्षेला परीक्षक बाहेरगावाहून आले. पॅनेलचा प्रयोग ज्यांच्या वाट्याला आला त्यांत मी होते आणि बिराप्पा होता. आयुष्यात पहिल्यांदा मी ती बटणं स्वतःच्या बोटांनी दाबली. एक, एक. काळोख. बिराप्पाचा तक्ता केव्हाच लिहून झाला होता. त्यानं माझ्या कागदाकडे पाहिलं आणि पुटपुटला, "ताई, लिवा की. एक न एक शून्य, हातचा एक. पाठच हाय की तुमाला."

"दिवा लागला का?"

"न्हाय लागला. दिवा काय मार्क देतोय व्हय?"

त्याचं खोटं नव्हतं, आणि त्याच्यावर मी तेव्हाही चिडले नाही. त्याच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला तो पहिला होता. पण माझ्या पेनातून तो एक उतरेना. मी दिसलं तेच लिहिलं. हातच्याच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत शून्य, आणि खाली बिघाड कुठे असावा त्याच्या दोन ओळी.

परीक्षक आले, कागद पाहिला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "कॅरी सगळीकडे शून्य? तक्ता येत नाही का तुम्हाला?" मी उभ्या उभ्या आख्खा तक्ता म्हणून दाखवला. "पण सर, हे पॅनेल तसं करत नाही." त्यांनी स्वतः बटणं दाबली. दोनदा दाबली. मग किल्लीसरांकडे पाहिलं. "कालपर्यंत चालत होतं," किल्लीसर म्हणाले, इतक्या सहज, की मलाही क्षणभर खरं वाटलं असतं. परीक्षकांचं जेवण सरांकडे ठरलं होतं आणि वेळ होत आली होती. त्यांनी आवाज मऊ केला. "हे बघा, तुमचं नुकसान करायची माझी इच्छा नाही. एवढा रकाना दुरुस्त करा, मी सही करतो."

पेन माझ्या हातात होतं. फर्स्ट क्लास तिथं, त्या रकान्यात होता, एम.एस्सी. तिथं होती. मला ते कळत नव्हतं असं नाही. पण दिवाळीपासून जे माझ्या विटाळानं बिघडलं म्हणून मला ऐकवलं, ते बिघडलेलंच नाही असं आता मीच माझ्या अक्षरात लिहून द्यायचं? "सर," मी म्हणाले, "पॅनेल बंद आहे असं आधी तुम्ही लिहा. मग मी रकाना दुरुस्त करते." परीक्षकांनी माझा कागद ओढून घेतला आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

निकाल लागला तेव्हा लेखीत मी वर्गात पहिली होते आणि प्रॅक्टिकलला कशीबशी पास. सगळं मिळून सेकंड क्लास. अप्पांना मी सगळं सांगितलं. ते "केलंस ते बराबर केलंस" म्हणाले, आणि त्याच आठवड्यात अक्कलकोटच्या पाहुण्यांना होकार कळवला. बोललो होतो, म्हणाले. बरोबर केलं तर शिक्षा कसली, हे मी त्यांना विचारलं. त्यांनी होकार मागे घेतला नाही. अव्वा रात्री जेवली नाही. बिराप्पाला फर्स्ट क्लास मिळाला, तो एम.एस्सी.ला गेला. जायच्या आधी दुकानात आला, चटणी घेतली, आणि मान खाली घालून म्हणाला, "तुमची जागा हाय ती, ताई." मी म्हणाले, "आता जाताच आहात तर तिथं जे जे बंद असेल ते उघडून बघा." तो हसला नाही, मान हलवून गेला.

लग्नाच्या आधी दाखला आणायला मी कॉलेजात गेले. प्रयोगशाळेचं दार उघडं होतं. नवी मुलं कोंडाळं करून उभी होती, हात मागे, त्यांत एक मुलगीही होती. मधे पॅनेल. किल्लीसर बटणं दाबत होते, हातच्याचा दिवा काळा होता आणि मुलं वहीत लिहीत होती. मी आत कशी गेले ते सांगता येणार नाही. "सर, मी उघडते," एवढंच म्हणाले. "हात लावू नकोस!" जुडगा खणखणला. "मी आता तुमची विद्यार्थिनी नाही," मी म्हणाले, पर्समधलं नाणं काढून पत्र्याच्या स्क्रूंच्या खाचेत घातलं आणि फिरवलं. सरांचा हात पुढे आला होता, पण सगळ्या मुलांदेखत परक्या मुलीचा हात धरणार कसा? तो तसाच हवेत राहिला. पत्रा निघाला. आत हळदीकुंकवाचा चिकट थर, आणि शेवटच्या आयसीचे पाय हिरवे पडलेले. मी तो अलगद उपटला, त्या मुलीचं खोडरबर मागून घेतलं, पाय एकेक करून घासले, चकाकले तसा परत जागेवर बसवला. एक दाबलं, एक दाबलं. हातच्याचा दिवा लागला.

मुलांनी टाळ्या पिटल्या. मला आनंद झाला नाही. एवढंच होतं ते! एक खोडरबर, आणि घटकाभर उघडू देण्याची दानत. तेवढ्यासाठी त्यांनी मला विटाळशी ठरवलं आणि माझं एक आयुष्य घेतलं. रागानं मला समोरचं दिसेना. किल्लीसर घसा खाकरून म्हणाले, "ठीक आहे. स्क्रू नीट लाव." त्या मुलीनं आपल्या वहीत पाहिलं, मग दिव्याकडे पाहिलं, आणि मला समजावल्यासारखं म्हणाली, "ताई, आमचं आधीच लिहून झालंय. तेच आलंय, बरोबर आहे."

मी तिच्या हातातली वही काढून टेबलावर पालथी ठेवली, आणि तिचं बोट धरून बटणावर टेकवलं. "आता तू दाब." ती बावरून सरांकडे बघायला लागली.

"त्यांच्याकडे नको बघू," मी म्हणाले. "दिव्याकडे बघ."